राहू दे, टिंगू

"कुठेही भेटलात तरी आधी आपल्या भाषेत बोलायचं. मग बाकीचं."

आईने हे टिंगूला विमानतळावर सांगितलं होतं, त्याची बॅग ट्रॉलीवर चढत असताना. पण ते आम्हालाही होतं, कारण बोलताना तिने बोट माझ्यावरून आणि ह्यांच्यावरूनही फिरवलं. टिंगू तेव्हा तिकडच्या कॉलेजच्या गोल्फ संघात खेळायला निघाला होता. पुढे तो तिथलाच झाला. तिथलं नागरिकत्व घेतलं, तिथल्या व्यावसायिक खेळाडूंत नाव काढलं. आई आता नाही. तिचं सांगणं मात्र आम्ही तिघांनी कधी मोडलं नाही. फोन असो की मैदान, पहिलं वाक्य आपल्या भाषेतलं, आणि खरं तर शेवटचंही.

टिंगू माझा धाकटा भाऊ. शाळेत सगळ्यांत बुटका होता म्हणून टिंगू. आता दारातून येताना मान वाकवतो, तरी नाव तेच राहिलं. त्याच्या हातात गोल्फची पहिली काठी दिली ती ह्यांनी. आमचं लग्न नवीन होतं, हे नुकते व्यावसायिक खेळाडू झाले होते आणि सुट्टीत टिंगू आमच्याकडे राहायला यायचा. घरातल्या लांबट बोळात स्टीलचा पेला आडवा ठेवायचा आणि त्यात चेंडू ढकलायचा, हा दोघांचा खेळ जेवायला हाक मारेपर्यंत चालायचा. हाक मारल्यावरही चालायचा.

गोल्फमध्ये एक रीत आहे. दोघांचा समोरासमोर सामना असला आणि एकाचा चेंडू होलच्या अगदी तोंडाशी येऊन थांबला, तर दुसरा म्हणू शकतो, "दिला." म्हणजे आता मारायची गरज नाही, आत गेला असं धरू, उचल. बाकीचे लोक 'दिला' म्हणत असतील. आमच्या बोळात 'राहू दे' म्हणत. मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. टक् असा आवाज, मग फरशीवर चेंडू घरंगळल्याचा, मग ह्यांचं "राहू दे रे," आणि टिंगूची अनवाणी पावलं धपधप धावत चेंडू उचलायला.

गोल्फ तसा एकट्याचा खेळ. वर्षभर जो तो आपल्यापुरता खेळतो, आपल्यापुरता जिंकतो आणि हरला तरी आपल्यापुरतंच तोंड लपवतो. पुरुष व्यावसायिकांची ही आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा एवढीच निराळी. इथे सगळे एका रंगाचे शर्ट घालतात, एका टेबलावर जेवतात. पहिले दिवस जोड्यांचे सामने, शेवटच्या दिवशी एकास एक. यंदा टिंगू तिकडच्या संघात होता आणि हे आमच्या.

ह्यांचं वय झालं होतं. खेळाडूचं वय, माणसाचं नव्हे. ह्या वर्षी क्रमवारीत हे खूप खाली गेले होते, तरी कप्तानांनी आपल्या अधिकारात ह्यांना संघात घेतलं. तरुण पोरांच्या काठीवरच्या पकडी सुधारत बसतात म्हणून संघात ह्यांना 'मास्तर' म्हणतात. पण मास्तरांनी जोडीचे दोन्ही सामने घालवले. दुसऱ्या दिवशी एका पेपरात आलं, 'आठवणीखातर घेतलेला खेळाडू.' ह्यांनी पेपर चुरगाळून टोपलीत टाकला. मी आंघोळ करून आले तेव्हा तो टोपलीतून काढून, मांडीवर सरळ करून हे पुन्हा वाचत होते.

शेवटच्या दिवशी ह्यांच्यासमोर टिंगूचं नाव आलं. कप्तान हसत म्हणाले, "मास्तर, मेहुण्याला आता तुम्हीच आवरा."

"लग्न झाल्यापासून तेच करतोय," हे म्हणाले. सगळे हसले. हेही हसले, पण हातातला चमचा कपात नुसताच फिरत होता. चहात साखर घातलेलीच नव्हती.

सकाळचा जप होईपर्यंत मी बोलत नाही, हा माझा नेम आहे. ह्यांना त्याची सवय आहे. त्या वेळात हे एकटेच बोलतात आणि समोरून उत्तर येत नसल्यामुळे बरेच खूश असतात. त्या दिवशी मात्र हेही गप्प होते, नुसते बुटांच्या नाड्या बांधत, सोडत, पुन्हा बांधत. ते बघून मी असं काही केलं जे मी करत नाही. जप संपल्यावर मी मागितलं. देवाकडे मागायचं नाही हे मी मनाशी ठरवलेलं आहे, त्याला काय द्यायचं ते कळतं. तरी मी मागितलं, आजचा सामना ह्यांना मिळू दे. समोर कोण उभा राहणार हे माहीत असून मागितलं.

खेळाडूंच्या घरच्यांना दोरीच्या कडेने चालता येतं. मी चालत होते. पंच, काठ्या वाहणारे कॅडी, कप्तान, कोणालाही आमची भाषा येत नव्हती. आमच्या संघात प्रत्येकाची घरची भाषा वेगळी आणि पंच तर तिसऱ्याच देशातले. त्यामुळे दोघांना रान मोकळं होतं.

"भावोजी, जरा पाय उचला. तुमच्या चालीने गेलो तर आपण पोचेपर्यंत गवत पुन्हा वाढेल."

"तू आधी ती टोपी सरळ घाल. चेंडू घाबरून वाकडा जातोय."

"ताई, बघ गं! टोपीवर जायचं नाही म्हणावं."

"मी कोणाच्याच बाजूची नाही," मी म्हटलं.

"हो ना. आणि चहाचा पहिला कप आजवर कोणाला मिळालाय?"

हे खळखळून हसले. मला वाटलं, चला, मोकळे झाले. आणि खरंच त्यानंतर हे चांगले खेळले. एक होल टिंगूने जिंकावं, पुढचं ह्यांनी, असं करत दोघे शेवटच्या होलवर बरोबरीत आले.

तोवर बाकीचे सगळे सामने संपले होते. चषकाचा फैसला ह्या एका सामन्यावर आला. ह्यांनी हे होल जिंकलं तर चषक आमचा. होल बरोबरीत सुटलं तर दोन्ही संघ सारखे, आणि सारखे असले की चषक आधीच्या विजेत्यांकडेच राहतो. ते आधीचे विजेते म्हणजे टिंगूचा संघ. मला हे शेजारच्या एका बाईने समजावलं. तिचा नवरा आमच्या संघात होता आणि ती माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की पुढे दोन दिवस तिथे दुखत होतं.

ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, दोघे सारख्याच फटक्यांत पोचले. टिंगूचा चेंडू लांब होता, म्हणून तो आधी खेळला. चेंडू उतारावरून आला, होलला वळसा घालून वीतभर पुढे जाऊन थांबला. ह्यांचा चेंडू जवळ होता, दोन-तीन पावलांवर. तो एका फटक्यात आत गेला की चषक आमचा. टिंगू आपल्या चेंडूकडे चालत आला. हे वाकून आपली रेषा बघत होते. मान न उचलता हे म्हणाले, "राहू दे रे, टिंगू."

तोच बोळातला आवाज. मी दोरीला टेकून उभी होते, मला स्पष्ट ऐकू आलं. टिंगूने चेंडू उचलला, खिशात टाकला आणि बाजूला झाला.

ह्यांनी मारलं. चेंडू होलच्या काठावरून फिरला आणि बाहेर आला. सगळ्या गर्दीतून एकदम 'अरेरे' असा आवाज उठला. राहिलेलं वीतभर ह्यांनी एका हाताने, रागाने, ढकलून आत घातलं. होल बरोबरीत. टिंगू हात पुढे करून येऊ लागला.

तेवढ्यात पंच मध्ये आले. निकाल सांगण्याआधी विचारून घ्यावं एवढंच त्यांच्या मनात असावं. त्यांनी ह्यांना विचारलं, "तुम्ही त्यांचा चेंडू दिला होता ना?"

ग्रीनच्या कडेला कप्तान हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्यामागे सगळा संघ, एका रंगाचे शर्ट. ह्यांनी एकदा तिकडे बघितलं.

"मी 'राहू दे' म्हणालो," हे म्हणाले. सगळ्यांना कळणाऱ्या भाषेच्या मध्ये तो आमचा शब्द एखादं घरातलं भांडं रस्त्यावर आणून ठेवावं तसा वाटला.

"त्याचा अर्थ काय?"

"आहे तिथे असू दे. माझ्या वाटेत येत नव्हता, म्हणून उचलू नको म्हटलं."

पंच चांगले होते. त्यांनी स्वतःहून वाट काढून दिली. म्हणाले, "त्याचा 'दिला' असाही अर्थ होऊ शकतो का? यांचा खरोखर गैरसमज झाला असेल तर दंड नाही. चेंडू जागेवर ठेवून ते मारू शकतील."

वीतभर चेंडू. टिंगूने डोळे मिटून घातला असता. ह्यांनी 'हो' म्हटलं असतं तर होल बरोबरीत राहिलं असतं, चषक तिकडे गेला असता आणि आम्ही तिघं संध्याकाळी एकत्र जेवलो असतो.

"नाही," हे म्हणाले. "तसा अर्थ होत नाही."

पंच टिंगूकडे वळले. "तुम्हाला काय समजलं? तुमचीही तीच भाषा आहे ना?"

टिंगूने आधी माझ्याकडे बघितलं. मग ह्यांच्याकडे. मग तो हळू म्हणाला, "शब्द त्यांचा आहे. अर्थ तेच सांगतील."

पुढचं पंचांनी समजावून सांगितलं. न दिलेला चेंडू खूण न करता उचलला, म्हणून एक फटका दंड, आणि त्या एका फटक्याने होल गेलं. मला अर्धंमुर्धंच ऐकू आलं, कारण आमच्या लोकांनी एकच गदारोळ केला होता. टिंगूने टोपी काढली, ह्यांचा हात हातात घेतला आणि आपल्या भाषेत म्हणाला, "अभिनंदन, भावोजी."

मला किती जणींनी मिठी मारली सांगता येणार नाही. मी सगळ्यांच्या खांद्यांवरून गवताकडे बघत होते. प्रेक्षकाने मध्ये बोलायचं नसतं, असं मी मनात म्हणत होते, आणि म्हणताना मला कळत होतं की मी फक्त निमित्त शोधतेय. सकाळी मागितलेलं मला मिळालं होतं. ते असं मिळेल हे ठाऊक नव्हतं म्हणावं, तर मागताना तरी मी भावाचा विचार कुठे केला होता? कोणी माझ्या हातात सरबताचा पेला दिला. तो मी तसाच धरून उभी राहिले. लोकांना वाटलं, आनंदाने हिला काही सुचत नाही.

दोन्ही संघांची राहायची सोय हिरवळीच्या दोन बाजूंच्या इमारतींत होती. मध्ये कॉफीची टपरीवजा खोली होती. तिथे रांगेत माझ्यापुढे तिकडच्या संघाच्या कामातली दोन माणसं उभी होती.

"चेंडू आपोआप खिशात जातो होय? समोर बहिणीचा नवरा होता."

"पासपोर्ट बदलला म्हणून माणूस बदलतो का?"

"कप्तान तर बोलायलाच तयार नाहीत त्याच्याशी. पुढच्या वेळी संघात दिसला तर माझं नाव बदल."

मागे वळताना एकाची नजर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. दोघांनी मला पुढे जायला वाट करून दिली. मी कॉफी न घेताच निघाले. माझ्या भावाने तिथे इतकी वर्षं घाम गाळला, त्यांच्या झेंड्यासाठी खेळला, आणि एका दुपारीत तो त्यांना परका झाला. तोही एका शब्दापायी, जो त्यांच्यापैकी कोणाला कळतसुद्धा नव्हता.

खोलीत हे पलंगाच्या कडेला बसले होते. एका पायात बूट, एका पायात मोजा.

"दार लाव," हे म्हणाले. "बाहेर फार आवाज आहे."

मी दार लावलं. मग विचारलं, "अहो, तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

"सांगितलं ना तिथे. अर्थ तोच आहे. कुठल्याही शब्दकोशात बघ."

"शब्दकोशाचं नाही विचारत मी. बोळातलं विचारतेय."

हे उरलेला बूट काढू लागले. नाडीची गाठ सुटेना. मी वाकून सोडवली असती एरवी. त्या वेळी वाकले नाही.

"तुला नाही कळायचं," हे नाडीशी झगडत म्हणाले. "तो फटका चुकला ना, तेव्हा कानात नुसता वारा भरला. सगळे माझ्याकडे बघत होते. आठवणीखातर घेतलेला माणूस. आणि तेवढ्यात पंच विचारतात. तोंडातून गेलं ते. आणि एकदा गेल्यावर..." गाठ आणखी आवळली. "मला वाटलं, टिंगू बोलेल. 'नाही, दिला होता' म्हणेल. म्हणाला असता तर मी वाद घातला नसता. शपथ."

"म्हणजे खरं बोलायचं काम त्याचं."

हे पुन्हा नाडीच्या गाठीकडे वळले.

"आता निकाल काही बदलत नाही," हे म्हणाले. "जाहीर झाला की झाला. नियम आहे."

"निकाल कोण मागतंय? तिकडे काय चाललंय ऐकलंत का?" मग मी कॉफीच्या रांगेतलं सगळं सांगितलं. माझा आवाज तसा बारीकच आहे, त्यात तेव्हा आणखी खाली गेला होता. हे पुढे झुकून ऐकत होते. 'बहिणीचा नवरा' असं मी म्हटलं तेव्हा ह्यांचं बोट नाडीवरून सुटलं. 'पासपोर्ट' म्हटलं तेव्हा ह्यांनी तोंड फिरवलं.

"असं म्हणताहेत?" हे म्हणाले. "टिंगूने मुद्दाम...? माझ्यासाठी?"

हे ह्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला त्याचा राग यायला हवा होता. त्याऐवजी ह्यांचीच लाज वाटली, आणि तशी लाज वाटली म्हणून स्वतःची.

दारावर टकटक झाली. टिंगू होता. संघाचे कपडे नव्हते, प्रवासाचे होते. पाठीवर बॅग.

"येऊ का? की विजेत्यांच्या खोलीत पराभूतांना मनाई?"

"ये रे," मी म्हटलं. "बॅग कशाला?"

"कप्तान म्हणाले, समारंभाला थांबायची गरज नाही. सामानाची गाडी निघतेय, तीतून जा. एवढा उंच माणूस फोटोत मागे लपतही नाही, म्हणून असेल." तो हसला. कोणी साथ दिली नाही, तेव्हा थांबला. "पुढच्या संघाचं विचारलं तर म्हणाले, नंतर बघू. ताई, तुला सांगतो, 'नंतर बघू'चा अर्थ जगातल्या सगळ्या भाषांत एकच."

हे जमिनीकडे बघत होते. टिंगूने त्यांच्या पायाकडे बघितलं, बॅग खाली ठेवली, गुडघ्यावर बसला आणि ती गाठ सोडवू लागला. बोटं लांब असल्यामुळे ती लगेच सुटली.

"भावोजी, एवढं काय? पुढच्या वेळी मोठ्याने 'दिला' म्हणायचं, म्हणजे पंचांची पंचाईत नको."

"टिंगू," हे म्हणाले, "मी दिला होता."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

टिंगूने बूट काढून नीट पलंगाखाली सरकवला. "ताई दोरीपाशी उभी होती," तो म्हणाला. "तुम्हाला खोटं पाडायचं, तेही तिच्यासमोर, एवढ्या लोकांत? मला नाही जमलं. मला वाटलं, चषकच आहे, जाऊ दे. हे बाकीचं डोक्यात आलं नाही." बोलता बोलता त्याचा चेहरा लहानपणी रडू दाबताना व्हायचा तसा झाला. "ते मला विकला गेलेला समजतात, भावोजी. ज्यांच्याबरोबर मी सकाळी नाश्ता केला, ते."

ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी ह्यांना हरताना खूपदा बघितलं आहे. असं कधी बघितलं नव्हतं. बाहेर कोणीतरी आमच्या संघाचं गाणं म्हणत जिन्यावरून गेलं.

मग हात खाली आले. "गाडीत बसू नकोस," हे म्हणाले. "खाली बाकावर थांब. समारंभाआधी मी तुझ्या कप्तानांना सांगतो. मग पंचांना. मी दिला होता, आणि विचारल्यावर खोटं बोललो, एवढंच सांगतो. दुसरं काही जोडत नाही."

"नको. तुमची ही शेवटची स्पर्धा. लोक तेवढंच लक्षात ठेवतील."

"ठेवू देत."

"भावोजी, उगाच भरात बोलू नका."

"वचन देतो," हे म्हणाले. टिंगूने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो बॅग उचलून खाली गेला. दारातून जाताना मान वाकवायला विसरला, कपाळ आपटलं, आणि "काही नाही, काही नाही" म्हणत गेला.

हे उठले, तोंडावर पाणी मारून आले. बुटात पाय घालत होते तोच दार उघडून कप्तान आत आले. घामाघूम, गळ्यात कुठल्यातरी चाहत्याने घातलेला रुमाल.

"मास्तर! फोटोवाले खोळंबलेत. चषक आधी तुमच्या हातात द्यायचा, पोरांनी ठरवलंय. चला."

"येतो. आधी एकांना भेटून."

"कोणाला?"

"तिकडच्या कप्तानांना."

"उद्या भेटा की! आज काय घाई?"

मला वाटलं, हे आता माझ्याकडे बघतील, मी काही म्हणते का याची वाट बघतील. बघितलं नाही.

"मी तो चेंडू दिला होता," हे म्हणाले. "पंचांना खोटं सांगितलं."

कप्तानांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात आता काही नव्हतं. त्यांनी मागे हात नेऊन दार लावलं. "हळू बोला," ते म्हणाले. मग, "वहिनींना माहीत आहे?"

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मास्तर, ऐका. झालं ते झालं. निकाल बदलत नाही, मग बोलून काय मिळणार? पोरांचा विचार करा. जन्मात पहिल्यांदा जिंकलीत त्यातली काही. आज रात्री घरी फोन करणार, उद्या सगळीकडे छापून येणार की चषक असा मिळाला. ती तोंड कुठे दाखवतील?"

ते खोटं बोलत नव्हते. त्या पोरांमधला एक सकाळी माझ्याकडून सुईदोरा घेऊन गेला होता, शर्टाचं बटण तुटलं म्हणून. मला तो आठवला.

"पोरांना मीच सांगेन," हे म्हणाले. "एकेकाला. शिव्या घालतील, खाईन. पण आधी तिकडे जायचंय."

"मी हे ऐकलंच नाही असं समजा," कप्तान म्हणाले.

"तुमची मर्जी. मी सांगितलंय, एवढं मात्र मी लक्षात ठेवेन."

कप्तान काही क्षण दाराच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले. मग रुमाल गळ्यातून काढला, बोटाभोवती गुंडाळत बाहेर गेले. दार उघडंच राहिलं.

"मी येऊ?" मी विचारलं.

"नको. तू आलीस की मी तुझ्याकडे बघत बोलेन." ह्यांनी कॉलर सारखी केली, मग ती तशी का सारखी केली असं वाटून पुन्हा सोडली. "काय म्हणायचं गं आधी?"

"मनात आहे तेच."

हे गेले. मी सज्जात आले. ऊन अजून हिरवळीवर होतं आणि सगळीकडे आमचेच लोक, आमच्याच रंगाच्या टोप्या. हे जिन्यातून बाहेर पडले तसा जल्लोष झाला. "मास्तर! मास्तर!" कोणी पाठीवर थापा मारल्या. कोणी खांद्यावर झेंडा टाकला. ह्यांनी तो काढून, घडी घालून, ज्याचा त्याला परत दिला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ह्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला आणि काहीतरी सांगत राहिले, बहुतेक कौतुकच. हे मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत होते. मला वरून फक्त ह्यांचं टक्कल दिसत होतं. मग हात हळूच सोडवून हे पुढे निघाले, स्टेज ज्या बाजूला होतं तिकडे पाठ करून. दोन-चार जण थोडं अंतर मागे गेले, मग हे कुठे चाललेत हे न कळून थांबले.

पलीकडच्या इमारतीपाशी गर्दी नव्हती. दारावरच्या माणसाने ह्यांना अडवलं. ह्यांनी काहीतरी विचारलं. त्याने डावीकडच्या पायऱ्यांकडे हात केला. हे कठड्याला धरून, सावकाश, वर चढू लागले.